कृत्रिम रेतन तंत्रज्ञाचे प्रत्यक्ष सरावशिक्षण : प्रमाणपत्रापासून कौशल्यापर्यंत

सारांश :

कृत्रिम रेतनाचे प्रशिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र मिळविलेला तरुण गावी परततो, तेव्हा त्याच्या शिक्षणाचा खरा टप्पा सुरू होतो. हे शिक्षण ज्या जनावरावर होते, ते बहुधा एखाद्या अल्पभूधारक कुटुंबाचे एकुलते एक दुभते जनावर असते. तंत्रज्ञाचा हात बसेपर्यंत जी रेतने वाया जातात, त्यांची किंमत हे कुटुंब मोजते. परंतु त्याची नोंद कोठेही होत नाही. प्रस्तुत लेखात कृत्रिम रेतनाच्या कौशल्याचे स्वरूप, ते शिकण्यातील अडचणी आणि सरावाच्या क्रमबद्ध पायऱ्या यांचे विवेचन केले असून, शिकण्याचा भार पशुपालकावर कमीत कमी पडावा यासाठी काही शिफारशी केल्या आहेत.

बीज संज्ञा : कृत्रिम रेतन, गोठित रेतमात्रा, माज, गर्भाशय ग्रीवा, गर्भधारणेचे प्रमाण, सरावशिक्षण.

प्रस्तावना :

भारतात गायीतील कृत्रिम रेतनाचा प्रारंभ १९३९ मध्ये म्हैसूर येथील राजवाड्याच्या दुग्धशाळेत डॉ. संपतकुमारन यांच्या प्रयत्नांतून झाला. त्यानंतर १९४२ पासून इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत या तंत्राचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. १९४९ मध्ये इंग्लंडमधील पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या संशोधकांनी ग्लिसरॉलच्या साहाय्याने शुक्रजंतू गोठवून जिवंत ठेवता येतात हे दाखवून दिले आणि या तंत्राचा कायापालट झाला. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवनत्रात रेतमात्रा वर्षानुवर्षे टिकू लागली. वळू गावोगाव नेण्याची गरज उरली नाही. त्याच्याऐवजी द्रवनत्राचे पात्र प्रवास करू लागले.

महाराष्ट्राच्या संदर्भात या कार्याचा विचार करताना मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' या संस्थेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. जनावर केंद्रावर आणण्याऐवजी रेतन सेवा शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेण्याची कार्यपद्धती या संस्थेने रुजविली. पुढे केंद्र शासनाने डिसेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ मिशन सुरू केले. सप्टेंबर २०१९ मध्ये कृत्रिम रेतनाचे प्रमाण ५० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या जिल्ह्यांसाठी राष्ट्रव्यापी कृत्रिम रेतन कार्यक्रम हाती घेण्यात आला. या योजनांच्या अंतर्गत ग्रामीण तरुणांना 'मैत्री' या नावाने ओळखले जाणारे बहुउद्देशीय कृत्रिम रेतन तंत्रज्ञ म्हणून घडविले जाते. हे प्रशिक्षण तीन महिन्यांचे असून त्यातील साधारण एक महिना संस्थेत आणि दोन महिने क्षेत्रात प्रात्यक्षिकासाठी असतात.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात १९.२५ कोटी गोवंशीय जनावरे व १०.९८ कोटी म्हशी आहेत. एवढ्या विस्तृत पशुधनापर्यंत पोहोचण्यासाठी तंत्रज्ञांची संख्या वाढविणे आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. मात्र संख्या वाढविणे आणि हात तयार करणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते.

लेखाची उद्दिष्टे :

१) कृत्रिम रेतन हे कौशल्य म्हणून शिकण्यास कठीण का आहे, याची कारणमीमांसा करणे.
२) नवशिक्या तंत्रज्ञाच्या चुकांचा आर्थिक भार कोणावर व किती पडतो, हे स्पष्ट करणे.
३) सुरक्षित व परिणामकारक सरावाच्या पायऱ्या मांडणे.
४) प्रशिक्षणोत्तर काळासाठी उपयुक्त शिफारशी करणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा :

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. येथे प्रामुख्याने गायीचा विचार केला असून म्हशीचा उल्लेख तुलनेपुरता आला आहे. हिशेबात वापरलेले काही आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. तसे त्या त्या ठिकाणी नमूद केले आहे.

१. कौशल्याचे स्वरूप : न दिसणारे काम

कृत्रिम रेतनाची प्रचलित पद्धत पुस्तकात वाचली तर सोपी वाटते. डावा हात गुदाशयात घालावा, तेथून गर्भाशय ग्रीवा म्हणजे गर्भाशयाचे मुख पकडावे, उजव्या हाताने रेतन नळी योनिमार्गातून आत न्यावी, ती ग्रीवेतून पार करावी आणि गर्भाशयाच्या मुख्य भागात रेतमात्रा सोडावी. प्रत्यक्षात यातील एकही कृती डोळ्यांना दिसत नाही. गुदाशयाच्या भिंतीआडून बोटांना जे जाणवते, त्यावरूनच मनात चित्र उभे करावे लागते. शिकविणाऱ्यालाही शिकणाऱ्याची बोटे कोठे आहेत हे दिसत नाही. सुतार किंवा शिंपी आपल्या शागिर्दाचा हात पाहून चूक दाखवू शकतो. येथे ती सोय नाही.

नवशिक्याला अडविणारी ठिकाणे ठरलेली आहेत. पहिले ठिकाण मूत्रमार्गाच्या तोंडाचे. योनिमार्गाच्या तळाशी मूत्रमार्ग उघडतो व तेथेच एक लहानशी आंधळी पिशवी असते. नळी सुरुवातीला आडवी घातली तर ती तेथे अडते. म्हणून प्रवेशाच्या वेळी नळीचे टोक ३० ते ४५ अंशांनी वर ठेवावे व थोडे अंतर आत गेल्यावर ती आडवी करावी. दुसरे ठिकाण योनिमार्गाच्या वळ्यांचे. ग्रीवा हलकेच पुढे ढकलली की या वळ्या ताणल्या जातात व मार्ग सरळ होतो. तिसरे ठिकाण सर्वांत फसवे आहे. ग्रीवेचे तोंड योनिमार्गात किंचित पुढे आलेले असते व त्याच्या सभोवती खोलगट खाच असते. नळी या खाचेत गेली की ती ग्रीवेत शिरल्याचा भास होतो. ग्रीवेचे तोंड अंगठा व बोटांनी वेढून धरल्यास ही खाच बुजते. चौथा अडसर ग्रीवेच्या आतील तीन-चार वर्तुळाकार कड्यांचा आहे. या कड्या एका सरळ रेषेत नसतात. त्यामुळे जोर लावून काम होत नाही. अनुभवी तंत्रज्ञ नळी ग्रीवेत ढकलीत नाही, तो ग्रीवा नळीवर चढवितो. नळी स्थिर आणि डावा हात चालता, हे या कामाचे मर्म आहे.

शेवटची कडी ओलांडली की प्रतिकार संपतो. याच क्षणी नवशिक्याचा उत्साह त्याला फसवितो. नळी आणखी पुढे गेली तर ती गर्भाशयाच्या एका शिंगात शिरते किंवा आतील नाजूक अस्तराला इजा करते. मागे राहिली तर रेतमात्रा ग्रीवेतच सांडते. नळीचे टोक शेवटच्या कडीच्या किंचित पुढे आहे हे तर्जनीने तपासावे आणि दट्ट्या सावकाश, साधारण पाच सेकंदांत दाबावा. दट्ट्या दाबताना नकळत नळी मागे ओढली जाणे, ही अनेक महिने लक्षात न येणारी चूक आहे.

म्हशीच्या बाबतीत अडचण वाढते. तिची ग्रीवा गायीच्या तुलनेत बारीक असून आतील मार्ग अधिक वळणांचा असतो. गायीवर हात बसलेल्या तंत्रज्ञालाही म्हशीसाठी वेगळा सराव करावा लागतो.

२. उशिरा कळणारा निकाल

कोणतेही कौशल्य शिकताना चूक केव्हा कळते, यावर शिकण्याचा वेग अवलंबून असतो. कृत्रिम रेतनात चूक फार उशिरा कळते. गायीचे माजचक्र सरासरी २१ दिवसांचे असते. रेतनानंतर २१ व्या दिवसाच्या सुमारास गाय पुन्हा माजावर आली तर ती उलटली असे समजते. आली नाही म्हणून ती गाभण आहे असे मात्र म्हणता येत नाही, कारण माज मुका असू शकतो किंवा पाहायचा राहून गेलेला असतो. हाताने तपासून गर्भनिदान करण्यास साधारण ६० ते ९० दिवस जावे लागतात. नवा तंत्रज्ञ दररोज एक रेतन करीत असेल, तर पहिल्या रेतनाचा खात्रीशीर निकाल हाती येईपर्यंत त्याच्या हातून ६० रेतने झालेली असतात. पद्धतीत दोष असेल तर तो साठ वेळा गिरविला गेलेला असतो, आणि हाताला जडलेली सवय मोडणे हे नवी सवय लावण्यापेक्षा कठीण असते.

शिवाय निकाल आला तरी त्यातून अर्थ काढणे सोपे नाही. गाय गाभण न राहण्यास केवळ तंत्रज्ञच कारणीभूत असतो असे नाही. माजाची चुकलेली वेळ, गर्भाशयाचा दाह, खनिजांची कमतरता, उन्हाचा ताण, रेतमात्रेची प्रत अशी अनेक कारणे संभवतात. त्यात योगायोगाचाही वाटा असतो. समजा, एखाद्या तंत्रज्ञाचे गर्भधारणेचे खरे प्रमाण ४० टक्के आहे. त्याने २५ रेतने केली तर सरासरीने १० गायी गाभण राहतील. परंतु संभाव्यतेच्या गणितानुसार हा आकडा केवळ योगायोगाने ५ पासून १५ पर्यंत कोठेही असू शकतो. म्हणजे त्याच कुवतीचा माणूस एका तिमाहीत २० टक्के, तर दुसऱ्या तिमाहीत ६० टक्के यश मिळविताना दिसेल. रेतनांची संख्या १०० झाल्यावर ही व्याप्ती ३० ते ५० टक्क्यांपर्यंत आकुंचन पावते. तात्पर्य, पहिल्या वीस-पंचवीस रेतनांच्या निकालावरून नवशिक्याने खचून जाऊ नये, तसेच हुरळूनही जाऊ नये. त्याच्या कामाची परीक्षा या काळात परिणामावरून न करता कृतीवरून करावी लागते. सरावाची रचना करताना हे तत्त्व केंद्रस्थानी असले पाहिजे.

३. शिकण्याची किंमत

एका रेतनाचे शुल्क अल्प असते आणि अनेक योजनांत ते आकारलेही जात नाही. त्यामुळे फसलेले रेतन म्हणजे फारसे नुकसान नव्हे, असा समज आढळतो. तो तपासून पाहू. ४० टक्के गर्भधारणेचे प्रमाण असलेल्या तंत्रज्ञाला एक गाय गाभण राखण्यास सरासरी २.५ रेतने लागतील. नवशिक्याचे प्रमाण २० टक्के धरल्यास सरासरी ५ रेतने लागतील. फरक २.५ माजचक्रांचा, म्हणजे सुमारे ५२ दिवसांचा होतो. गायीच्या चारा-पेंडीचा खर्च दिवसाला १५० रुपये असे केवळ हिशेबापुरते मानले, तरी ही रक्कम ७,८०० रुपयांच्या आसपास जाते. पुढचे वेत लांबणीवर पडल्याने बुडालेले दूध यात धरलेले नाही. भाकड काळ वाढला की दुधाच्या पैशावर चालणारा किराणा, मुलांचे शिक्षण व कर्जाचा हप्ता या सर्वांवर त्याचा परिणाम होतो.

पन्नास गायींच्या गोठ्यात हा तोटा पचून जातो. दावणीला एकच गाय असलेल्या कुटुंबात तो पचत नाही. असे कुटुंब दोन वेळा गाय उलटल्यावर तंत्रज्ञाला बोलावणे बंद करते आणि गावातील मोकाट वळूकडे वळते किंवा गाय बाजार दाखविते. गायीत दोष नसताना तिला वांझ ठरविले जाते. नवशिक्या तंत्रज्ञाच्या दृष्टीनेही हे नुकसानीचे आहे; गावात एकदा 'याचा हात चालत नाही' असे झाले, की सरावासाठी गायी मिळत नाहीत आणि सराव नसल्याने हात सुधारत नाही. या चक्रात अडकून प्रशिक्षित तरुण व्यवसाय सोडतो आणि प्रशिक्षणावरील सार्वजनिक खर्चही वाया जातो.

४. सरावाच्या पायऱ्या

अ) मृत अवयव व प्रतिकृती : सरावाची पहिली पायरी जिवंत जनावराबाहेर असावी. अनेक देशांत कत्तलखान्यातून मिळणारे गायीचे जननावयव यासाठी वापरतात. महाराष्ट्रात पशुसंरक्षण अधिनियम, १९७६ अन्वये गायीच्या कत्तलीस बंदी असून २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल व वळू यांनाही हे संरक्षण मिळाले आहे. त्यामुळे येथे प्रामुख्याने म्हशीचे अवयव किंवा कृत्रिम प्रतिकृती हेच पर्याय उरतात. म्हशीची ग्रीवा वेगळी असली, तरी कड्यांचा स्पर्श ओळखण्यासाठी ती उपयोगी पडते. अवयव प्रथम ट्रेमध्ये उघडा ठेवून पाहावा, नंतर कापडाखाली झाकून फक्त स्पर्शाने ओळखावा. कांडीत रंगीत पाणी भरून ते नळीने सोडावे आणि त्यानंतर अवयव उभा चिरून रंग कोठे पडला हे पाहावे. ज्या निकालासाठी गोठ्यात तीन महिने थांबावे लागते, तो येथे एका मिनिटात मिळतो. म्हणून ही साधी कृती पुन्हा पुन्हा करण्यात वेळ गेला तरी तो सत्कारणी लागतो.

आ) केवळ स्पर्शाचा सराव : दुसरी पायरी जिवंत गायीत ग्रीवा शोधण्याची. नखे कापून, अंगठी-कडे काढून, खांद्यापर्यंतचा हातमोजा घालावा व त्यावर वंगण लावावे. बोटे शंकूसारखी जुळवून हात आत न्यावा. गायीने जोर केल्यास हात न रेटता थांबावे. आकुंचनाची लाट ओसरली की पुढे जावे. गुदाशय हवेने फुगून कडक झाला असेल, तर आतील आकुंचनाच्या कड्यातून बोट अडकवून हलकेच मागे ओढावे. हवा निघून जाते. कालवडीची ग्रीवा बोटाएवढी बारीक असते, अनेक वेते झालेल्या गायीची जाड असून ती ओटीपोटात पुढे सरकलेली असते. हा फरक हाताला कळेपर्यंत नळी हाती घेऊ नये.

या सरावासाठी संस्थांच्या प्रक्षेत्रावरील किंवा पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली आणि व्यवस्थापनाच्या संमतीने गोशाळांतील भाकड जनावरे उपलब्ध होऊ शकतात. तथापि दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. एका जनावरावर एका दिवशी मोजक्याच प्रशिक्षणार्थ्यांनी हात चालवावा; मोज्यावर रक्त दिसताच त्या जनावरावरील सराव तत्काळ थांबवून पशुवैद्यकास दाखवावे. दुसरे असे की, माजावर नसलेल्या प्रजननक्षम गायीत सरावासाठी नळी ग्रीवेपार नेऊ नये. माजात गर्भाशयाची प्रतिकारशक्ती चांगली असते. माज ओसरल्यानंतर प्रोजेस्टेरॉन संप्रेरकाच्या प्रभावकाळात ती घटते व नळीबरोबर आत गेलेले जंतू तेथे ठाण मांडतात. तसेच गाभण गायीत नळी गेल्यास गर्भपात होऊ शकतो.

इ) मार्गदर्शकासोबत रेतन : तिसऱ्या पायरीवर नवा तंत्रज्ञ अनुभवी तंत्रज्ञ वा पशुवैद्यकाबरोबर गोठ्यात जातो. येथे कामाची वाटणी स्पष्ट असावी. आधी मार्गदर्शकाने तपासून ग्रीवा कोठे व कशी आहे हे सांगावे. मग शिकणाऱ्याने हात घालून तेच वर्णन आपल्या शब्दांत करावे. त्यानंतर त्याने नळी पार करावी आणि दट्ट्या दाबण्यापूर्वी मार्गदर्शकाने हात घालून टोकाची जागा तपासावी. दिसत नसलेल्या कामात चूक वेळीच पकडण्याचा हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. दोन प्रयत्नांत नळी पार झाली नाही तर काम मार्गदर्शकाकडे सोपवावे, हा नियम आधीच ठरलेला असावा. रेतमात्रा वितळल्यानंतर वेळ वाया जाऊ नये आणि गायीला विनाकारण त्रास होऊ नये, हे दोन्ही हेतू त्यातून साधतात. पशुपालकाला 'हे शिकत आहेत, मी सोबत आहे' असे सांगून त्याची संमती घेणे ही औपचारिकता नसून त्याचा तो हक्क आहे.

ई) स्वतंत्र काम : चौथ्या पायरीवरही एकटेपणा येऊ नये. कठीण ग्रीवा, संशयास्पद स्राव, वारंवार उलटणारी गाय अशी प्रकरणे नजीकच्या पशुवैद्यकाकडे पाठवावीत. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना राज्य शासनाच्या आदेशाने परवानगी मिळालेल्या किरकोळ पशुवैद्यकीय सेवा नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व मार्गदर्शनानेच देता येतात. गावात लोक तंत्रज्ञाला 'डॉक्टर' म्हणून हाक मारतात. त्या हाकेने अधिकाराची मर्यादा बदलत नाही. लिंगवर्गीकृत रेतमात्रेत शुक्रजंतूंची संख्या नेहमीच्या मात्रेपेक्षा पुष्कळ कमी असते आणि तिची किंमत अधिक असते. त्यामुळे हात बसेपर्यंत ती वापरू नये.

५. रेतमात्रेची हाताळणी

हात कितीही सफाईदार असला, तरी मृत शुक्रजंतू योग्य जागी सोडून उपयोग होत नाही. सुदैवाने या भागाचा सराव कोणत्याही जनावराला त्रास न देता घरी करता येतो. पात्रातील डबा उचलताना तो मानेच्या वर काढू नये. कांडी चिमट्याने काही सेकंदांत बाहेर घ्यावी. कांड्या पुन्हा पुन्हा वर आल्या तर त्यांतील सूक्ष्म हिमकण मोठे होऊन शुक्रजंतूंना भेदतात. ही हानी बाहेरून दिसत नाही आणि कांडी परत द्रवनत्रात ठेवल्याने भरूनही निघत नाही. वितळविण्यासाठी ३७ अंश सेल्सिअसचे पाणी व ३० सेकंद ही मोजमापे तापमापक व घड्याळ वापरूनच पाळावीत. कोमट पाण्याचा हाताने घेतलेला अंदाज हिवाळ्यात व उन्हाळ्यात सारखा येत नाही. त्यानंतर कांडी पूर्ण कोरडी पुसावी, कारण पाण्याचा थेंबही शुक्रजंतूंना मारक ठरतो. कांडीची कापसाच्या बोळ्याची बाजू नळीत दट्ट्याकडे ठेवून दुसऱ्या बाजूचे बंद टोक सरळ कापावे. तिरपे कापल्यास आवरणात ती नीट बसत नाही व रेत मागे झिरपते. थंडीत नळी आधी हाताने घासून उबदार करावी.

द्रवनत्राची पातळी मोजपट्टीने ठराविक दिवशी तपासून लिहून ठेवावी. बंद खोलीत द्रवनत्राचे बाष्प प्राणवायूची जागा घेते. म्हणून पात्र हवेशीर ठिकाणी ठेवावे आणि प्रवासात बंद गाडीच्या काचा किंचित उघड्या ठेवाव्यात. ब्रुसेलोसिससारखे आजार जनावराकडून माणसाला होतात. तेव्हा मोज्याविना हात घालणे हे धाडस नसून अविचार आहे.

६. माजाची पारख आणि पशुपालकाशी संवाद

दुसऱ्या जनावराने अंगावर चढल्यास गाय स्थिर उभी राहणे, हे माजाचे सर्वांत खात्रीचे लक्षण मानले जाते. परंतु आपल्याकडे गाय दावणीला बांधलेली आणि अनेकदा एकटी असते. चढणारे दुसरे जनावरच नसल्याने हे लक्षण दिसण्याची संधी मिळत नाही. मग उरतात ती दुय्यम लक्षणे : हंबरणे, बेचैनी, वारंवार लघवी, दूध कमी देणे, सुजलेला योनिओठ आणि काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा सोट. म्हशीत ही लक्षणेही मंद असतात. ती रात्री किंवा पहाटे दिसतात, आणि सोट अनेकदा म्हैस बसल्यावरच बाहेर पडतो.

ही लक्षणे पाहणारी व्यक्ती तंत्रज्ञ नसते. गोठ्यात पहाटे शेण काढणारी व धार काढणारी स्त्री ती पाहते. फोन मात्र बहुतेक वेळा घरातील पुरुष करतो. 'गाय माजावर आली आहे, या' एवढ्या निरोपातून वेळ कळत नाही. म्हणून नव्या तंत्रज्ञाने गोठ्यात पोहोचताच धार काढणाऱ्या बाईंना विचारावे : "मावशी, सोट पहिल्यांदा केव्हा दिसला? रात्री हंबरली का? आजची धार कालच्यापेक्षा कमी आली का? मागचा माज कधी होता?" या चार प्रश्नांनी अर्धे निदान होते. अमेरिकेतील ट्रिंबर्गर यांच्या १९४० च्या दशकातील अभ्यासावर आधारलेला सकाळ-संध्याकाळचा नियम आजही उपयुक्त आहे : सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी सायंकाळी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. गायीत स्त्रीबीज माज संपल्यानंतर साधारण १० ते १२ तासांनी बाहेर पडते, हे त्यामागील कारण आहे.

माज नसेल, सोट पांढुरका असेल किंवा गाय गाभण असण्याची शंका असेल, तर रेतन न करता परत यावे. काही गाभण गायीही माजाची लक्षणे दाखवितात. बोलावणे आले आणि पंधरा किलोमीटर मोटारसायकल चालविली म्हणून रेतन केलेच पाहिजे, असे नाही. नकार देण्याचे धैर्य हाही कौशल्याचाच भाग आहे. ज्या व्यवस्थेत मोबदला केवळ रेतनांच्या संख्येवर मिळतो, तेथे हे धैर्य दाखविणे कठीण जाते, हेही मान्य केले पाहिजे.

७. नोंदवही : शिकण्याचे साधन

शासकीय नोंदींसाठी जनावराच्या कानातील १२ अंकी बिल्ला व 'भारत पशुधन' ही संगणकीय प्रणाली आहेच. परंतु तेथील नोंद प्रशासनासाठी असते. शिकण्यासाठी तंत्रज्ञाची स्वतःची वही हवी. तीत जनावराचे वेत, व्याल्यापासूनचे दिवस, माज दिसल्याची व रेतनाची वेळ, सोटाचे स्वरूप, कांडीवरील वळूचा क्रमांक, नळी पार होण्यास लागलेले प्रयत्न आणि टोक तपासता आले की नाही हे लिहावे. पुढे २१ व्या दिवसाची विचारपूस व गर्भनिदानाचा निकाल त्याच ओळीत नोंदवावा. शंभर ओळी झाल्या की वही बोलू लागते. कालवडीत यश कमी आहे की म्हशीत, उशिरा केलेली रेतने उलटतात की लवकर केलेली, एखाद्या पात्रातील कांड्या आणल्यापासून निकाल घसरला का, हे त्यातून दिसते. अर्थात ही वही खरी असेल तरच. न झालेली रेतने व न राहिलेले गर्भ कागदावर दाखविणारा तंत्रज्ञ सर्वांत आधी स्वतःची फसवणूक करतो. कारण आपली चूक शोधण्याचे एकमेव साधन तो आपल्या हाताने निकामी करतो.

निष्कर्ष :

१) कृत्रिम रेतन हे स्पर्शावर आधारलेले, न दिसणारे व उशिरा निकाल देणारे कौशल्य असल्याने केवळ आवृत्तीने ते सुधारत नाही, प्रत्येक कृतीची तत्काळ तपासणी आवश्यक ठरते.
२) नवशिक्याच्या अपयशाचा मुख्य आर्थिक भार रेतन शुल्कात नसून लांबलेल्या भाकड काळात आहे आणि तो लहान पशुपालकावर सर्वाधिक पडतो.
३) मृत अवयव, प्रतिकृती, स्पर्शसराव व मार्गदर्शकासोबतचे रेतन या क्रमाने गेल्यास हा भार लक्षणीयरीत्या कमी करता येतो.
४) माजाची पारख हे गोठ्यातील स्त्रीचे ज्ञान आहे, तिच्याशी संवाद साधणे हे तांत्रिक कौशल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

शिफारशी :

प्रमाणपत्रानंतरचे पहिले वर्ष शिकाऊ काळ म्हणून मान्य करावे व या काळात प्रत्येक नव्या तंत्रज्ञाला तालुक्यातील एक मार्गदर्शक नेमून द्यावा. मार्गदर्शकाच्या वेळेला मोबदला असावा. अन्यथा ही व्यवस्था कागदावरच राहील. शिकाऊ काळात गाय उलटल्यास पुढील रेतन मार्गदर्शकाने विनामूल्य करावे, म्हणजे शिकण्याची किंमत एकाच कुटुंबावर पडणार नाही. नव्या तंत्रज्ञाच्या मोबदल्याचा काही भाग रेतनांच्या संख्येऐवजी खऱ्या नोंदी व गर्भनिदानाशी जोडावा. महिला तंत्रज्ञांची संख्या वाढवावी, कारण गोठ्यातील माहितीपर्यंत त्या अधिक सहजतेने पोहोचू शकतात.

समारोप :

खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ या गायींच्या आणि पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी या म्हशींच्या जाती महाराष्ट्राचे पशुवैभव आहेत. त्यांच्या सुधारणेच्या योजना राजधानीत आखल्या जातात, उत्तम वळूंची निवड केंद्रांवर होते, रेतमात्रा प्रयोगशाळेत तयार होते. परंतु या साऱ्या साखळीची शेवटची कडी म्हणजे गोठ्यातील खोड्याशेजारी उभा असलेला, एक हात मोज्यात असलेला तरुण किंवा तरुणी होय. ही कडी कच्ची राहिली तर मागील सर्व कड्यांचे श्रम वाया जातात. तिला पक्की होण्यासाठी वेळ, सोबत आणि चूक तत्काळ कळण्याची सोय द्यावी लागेल. ही सोय संस्थेने पुरविली नाही, तर दावणीला एकच गाय असलेले कुटुंब तिची किंमत आपल्या दुधातून मोजत राहील.